नफ्याचा अंब्रेला फॉल

भंडारदऱ्याला गेला असाल तर अंब्रेला फॉल पाहिला असेलच. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या पायथ्याशी, खडकावर छत्रीसारखा उलगडणारा. फोटोत एकदम झकास! पण गंमत अशी, की तो रोज नसतो. धरणातून पाणी सोडलं की धबधबा, बंद केलं की नुसता खडक.

गेल्या पावसाळ्यात तिथेच आमच्या ग्रुपमध्ये शेअर्सची चर्चा रंगली. एका मित्राला त्याच्या आयटी कंपनीने ईसॉप्स दिलेत. 'नफा डबल झालाय यार, आणखी शेअर्स घेतो!' तो म्हणाला. मी त्याच्या मोबाइलवरच रिझल्ट उघडला. विक्री जेमतेम वाढलेली. उडी दिसत होती ती 'इतर उत्पन्ना'त. कंपनीने एका स्टार्टअपमधला आपला हिस्सा विकला होता. म्हणजे अंब्रेला फॉलच की!

हे नवीन नाही. मुंबईच्या फायनॅन्शियल टेक्नॉलॉजीज या सॉफ्टवेअर कंपनीने २०१४ मध्ये एमसीएक्समधला १५ टक्के हिस्सा कोटक महिंद्रा बँकेला ४५९ कोटी रुपयांना विकला. पैसे खरेच आले, पण तोच हिस्सा पुन्हा थोडाच विकता येतो? गावची जमीन विकून आलेले पैसे पगारात धरून कुणी होम लोनचा हप्ता ठरवतं का?

कधी कधी तर काही न विकताही नफा दिसतो. ॲमेझॉनकडे रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचे शेअर्स होते. २०२१ च्या शेवटच्या तिमाहीत ॲमेझॉनचा निव्वळ नफा १४.३ अब्ज डॉलर्स झाला. त्यात रिव्हियनचं मूल्य वाढल्याचे, करापूर्वीचे, ११.८ अब्ज होते. पुढच्याच तिमाहीत रिव्हियनचा भाव कोसळला, ७.६ अब्जांचा फटका बसला आणि ॲमेझॉनने ३.८ अब्जांचा तोटा दाखवला. त्या तीन महिन्यांत ऑनलाइन दुकान काही बंद पडलं नव्हतं!

म्हणून रिझल्ट हातात आला की आधी मुख्य धंद्याचा नफा बघा. मग 'इतर उत्पन्न' आणि 'अपवादात्मक बाबी' या ओळी. शेवटी धंद्यातून रोख किती आली, ते कॅश फ्लोमध्ये. पीई स्वस्त वाटला, तर एकदाच मिळालेला नफा वजा करून तो पुन्हा काढा. दहा मिनिटांचं काम.

ईसॉप्सवाल्यांनी तर नक्कीच. तुमचा पगार त्याच कंपनीतून येतो आणि बचतही तिथेच अडकलेली असते. धंदा आटला तर दोन्ही एकदमच आटतील, बॉस.