नायजेरियातील स्त्रिया : इस्लाम, देवदैवते आणि काही गैरसमज

उत्तर नायजेरियातील मुस्लिम बायकांना शिक्षण ठाऊक झाले ते इंग्रज आल्यावर, हा समज चुकीचा आहे. सोकोतो खिलाफतीचे संस्थापक उस्मान दान फोदियो यांनी बायकोमुलींना अज्ञानात ठेवणाऱ्या धर्मपंडितांना खडसावले होते. त्यांची कन्या नाना अस्माउ (१७९३–१८६४) अरबी, फुलफुल्दे आणि हौसा अशा तीन भाषांत कविता रचत. पडद्यातल्या बायकांना घराबाहेर पडणे अवघड, म्हणून त्यांनी शिक्षणच घरोघरी धाडले. ‘यान तारू’ या त्यांच्या चळवळीतील ‘जाजी’, म्हणजे गावोगावच्या शिक्षिका, सोकोतोला येऊन कविता पाठ करत आणि परत जाऊन बायकांना शिकवत.

जाजीच्या डोक्यावर गवताची मोठी टोपी असे. ती मूळची ‘बोरी’ पंथातील. बोरीत बायकांच्या अंगात दैवते येतात. गोबीर राज्यात या पंथाची प्रमुख, ‘इन्ना’, बाईच असे. खिलाफतीचा बोरीला कडवा विरोध होता. तरी इन्नाच्या मानाची ही खूण अस्माउंनी उचलली, तिला लाल कापड बांधले आणि शिक्षिकेच्या माथ्यावर ठेवली. जुन्या धर्मातला बाईचा अधिकार नव्या धर्मात असा पुढे चालला. याच खिलाफतीत लढाईत पकडलेल्या बायका गुलाम होत, हेही विसरता येत नाही.

दुसरा गैरसमज उलट टोकाचा : जिथे देवी पुजली जाते तिथे बाई स्वतंत्र असते. नायजेरियाच्या आग्नेयेकडील इग्बो प्रदेशातल्या नोबी गावाचे थोर दैवत इदेमिली ही देवीच. तरीही अनेक इग्बो कुळांत वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटाच नव्हता. ही रूढी घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. याउलट कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सातव्या शतकातच ठरवून दिला. निम्मा म्हणजे बरोबरीचा नव्हे; पण हक्काने मागता येईल असा.

म्हणून इग्बो बायका मुक्या होत्या असे मात्र नाही. छळणाऱ्या पुरुषाच्या दारात जमून गाण्यांतून त्याची निर्भर्त्सना करणे, ही त्यांची जुनी रीत. इंग्रजांनी पुरुषांनाच ‘वॉरंट चीफ’, म्हणजे सरकारनियुक्त स्थानिक प्रमुख, नेमले. बायकांवरही कर बसणार अशी धास्ती पसरली, तेव्हा १९२९ मध्ये हजारो बायकांनी तीच रीत या प्रमुखांवर चालवली. सरकारी गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मेल्या. पुढे ही व्यवस्था सरकारला बदलावी लागली आणि काही स्थानिक न्यायमंडळांवर बायकांची नेमणूक झाली.