एकच स्ट्रीम, चाळीस पडदे: मल्टिकास्ट कसं लावायचं?

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो: नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११ तारखेला, नंतर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत गाभाऱ्यात देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. सगळा सोहळा काही मिनिटांचा. गाभाऱ्यासमोर मोजकी माणसं मावतात, बाकीच्यांना पडद्यावरच बघावं लागतं.

आता समजा, अशाच एखाद्या सोहळ्यासाठी आवारात ४० पडदे लावायचेत. इंटरनेटवरचं नेहमीचं लाइव्ह बरेच सेकंद मागे असतं. म्हणजे आत जयघोष होतो आणि बाहेरच्या पडद्यावर अजून काहीच दिसत नाही! शिवाय ऐन वेळी इंटरनेट गेलं तर ती मिनिटं परत मिळत नाहीत. अशा ठिकाणी मी मल्टिकास्टचा विचार आधी करतो. त्याला इंटरनेट लागत नाही, आवारातलं नेटवर्क पुरतं.

मल्टिकास्ट म्हणजे नेमकं काय?

गावात निरोप द्यायचे दोन मार्ग आपल्याला माहीत आहेत. एक, घरोघरी जाऊन सांगणं. हे युनिकास्ट. दुसरा, दवंडी. ज्याला ऐकायचं नाही त्याच्याही कानावर पडते. हे ब्रॉडकास्ट. मल्टिकास्ट या दोन्हींच्या मधलं. ज्याने 'मला हवंय' म्हणून सांगितलं त्याच्याच दारी निरोप जातो, आणि पाठवणारा तो एकदाच पाठवतो. प्रती काढायचं काम वाटेतले स्विच करतात.

हिशोब बघा. एक चांगला एचडी व्हिडिओ ६ एमबीपीएसचा धरला, तर ४० पडद्यांना युनिकास्टने २४० एमबीपीएस लागतील. वाटेत एक जरी जुना १०० एमबीपीएसचा स्विच असला तरी खेळ संपला. मल्टिकास्टमध्ये कॉम्प्युटरमधून ६ एमबीपीएसच बाहेर पडतात, मग पडदे ४० असोत की ४००.

पत्ता कुठला द्यायचा?

मल्टिकास्टसाठी २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते राखीव आहेत. त्यातले २३९ ने सुरू होणारे खासगी वापरासाठी, म्हणून तेच घ्या. मात्र २३९.०.०.१ सारखा पत्ता टाळा. स्विचच्या पातळीवर तो २२४.०.०.१ सारखाच दिसतो, आणि तो पत्ता स्विच सगळ्या पोर्टवर सोडतात. मी २३९.१०.१०.१ व्हिडिओसाठी आणि २३९.१०.१०.२ फक्त आवाजासाठी ठेवतो. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.)

व्हीएलसीमधून पाठवणं

१. कॅमेरा कॅप्चर कार्डने कॉम्प्युटरला जोडा. नेटवर्क केबलनेच घ्या आणि त्या कॉम्प्युटरचं वाय-फाय बंद करा. दोन्ही चालू असले तर स्ट्रीम भलत्याच वाटेने बाहेर जाऊ शकते.

२. व्हीएलसीच्या मीडिया मेनूत 'स्ट्रीम' निवडा, त्यात कॅप्चर डिव्हाइस द्या.

३. डेस्टिनेशन म्हणून 'आरटीपी / एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम' घ्या. पत्ता २३९.१०.१०.१, पोर्ट ५००४.

४. एन्कोडिंग एच.२६४ ठेवा आणि कीफ्रेम दर एक-दोन सेकंदांनी येऊ द्या. मध्येच जोडलेल्या पडद्याला पुढची कीफ्रेम येईपर्यंत चित्र दिसत नाही.

५. पडद्याकडच्या व्हीएलसीत 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' उघडून आरटीपीचा पत्ता द्या, आकड्यांच्या आधी @ ही खूण घाला. काळंच दिसलं तर आधी फायरवॉल तपासा.

खरी मेख स्विचमध्ये

पडदा 'मला हवंय' हे आयजीएमपी नावाच्या प्रोटोकॉलने सांगतो. स्विचला ते ऐकता यावं म्हणून त्यात आयजीएमपी स्नूपिंग चालू हवं. ते नसेल तर साधा स्विच मल्टिकास्टचीही दवंडीच करतो. ऑफिसचा प्रिंटर, बिलिंगचा कॉम्प्युटर, सगळ्यांवर ते ६ एमबीपीएस आदळत राहतात.

पण नुसतं स्नूपिंग पुरत नाही, 'क्वेरियर'ही लागतो. दर १२५ सेकंदांनी 'अजून कोण बघतंय?' असं विचारणारा तो. हे काम राउटर किंवा एखादा स्विच करतो. विचारणाराच नसेल तर पडदे उत्तर देत नाहीत, आणि साधारण २६० सेकंदांनी स्विच यादीतून नावं पुसून टाकतो. म्हणून 'चार मिनिटं मस्त चाललं आणि अचानक बंद पडलं' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा क्वेरियर बघतो. चाचणी कमीत कमी अर्धा तास घ्यायची ती यासाठीच. दोन मिनिटांच्या चाचणीत हा दोष दिसतच नाही.

वाय-फायवर चालेल का?

शक्यतो नको. वाय-फाय मल्टिकास्ट अगदी कमी वेगाने पाठवतं, आणि हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवत नाही. चित्राचे चौकोन पडतात. काही ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करायची सोय असते. मोजक्या पडद्यांपुरती ती वापरा, बाकी सगळीकडे केबल टाका.

आवाजाचं काय?

प्रत्येक प्लेअर थोडा साठा करून मगच वाजवतो. व्हीएलसीत हा साठा सहसा १००० मिलिसेकंदांचा असतो. तो कमी केला तर उशीर कमी होतो, पण चित्र अडखळू शकतं. सगळ्या पडद्यांवर तो सारखाच ठेवा. तरीही शेजारशेजारच्या दोन स्पीकरमध्ये किंचित फरक राहतो आणि आरती दोनदा ऐकू येते. म्हणून एका मंडपातल्या स्पीकरना आवाज ॲम्प्लिफायरमधून वायरनेच द्या. २३९.१०.१०.२ वरची आवाजाची वेगळी स्ट्रीम दूरच्या इमारतीसाठी ठेवा.

शेवटी एक गोष्ट लक्षात असू द्या. हे सगळं आपल्या आवारापुरतंच. सर्वसाधारण इंटरनेटवर राउटर मल्टिकास्ट पुढे जाऊ देत नाहीत. पुण्या-मुंबईतल्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांसाठी त्याच कॅमेऱ्याची वेगळी युनिकास्ट स्ट्रीम यूट्यूबला द्या. ती थोडी मागे राहील, पण घरबसल्या बघणाऱ्याला बाजूचा जयघोष ऐकू येत नसतो. आवारातल्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो ऐकू येतो, आणि हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे.