आधी काम पाहा

माझे वडील दरबारगवई होते. तंबोरा जुळवताना ते डोळे मिटून घेत. परवा त्याची फार आठवण झाली.

माझा एक विद्यार्थी जन्मांध आहे. पेटीदुरुस्तीच्या एका दुकानी तो काम मागावयास गेला. "दिसत नाही, मग रीड कशी घासणार?" असे म्हणून मालकांनी त्याला परत पाठविले. वस्तुतः सूर चढवायचा तर रीड टोकाकडे घासावी लागते, उतरवायचा तर मुळाकडे. हे बोटांना कळते. दोन रीड एकत्र वाजविल्या की सुरातील फरकाच्या लाटा ऐकू येतात. त्या थांबल्या की सूर मिळाला. हत्यारे रोज ठरल्या जागी ठेवावीत, एवढीच काय ती सोय करावयाची.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. खासगी मालकांवर तशी सक्ती नाही. निदान ५ टक्के दिव्यांग कामावर घेणाऱ्यांना सरकारने उत्तेजन द्यावे, असे त्यात आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो मालकांच्या मनाचा.

व्यापारी बंधूंनो, दया नको, परीक्षा घ्या. आम्ही शिष्य घेताना आधी गावयास सांगतो, मगच हो किंवा नाही म्हणतो.

काल त्याला घेऊन मी पुन्हा त्या दुकानी गेलो. मालकांनी एक बेसूर पेटी पुढे ठेवली. दुपारपर्यंत तिचे सप्तक सुरात आले. "महिनाभर पाहू," मालक म्हणाले. मुलाने तेवढ्यानेच कानस पुसून जागच्या जागी ठेवली.