मूलपेशी, सरकारी निधी आणि परळ
मूलपेशी म्हणजे शरीरातील अनेक प्रकारच्या पेशी घडवू शकणारी मूळ पेशी. ती पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातून काढताना तो नष्ट होतो, आणि मूलपेशी संशोधनावरील वादाचे मूळ तिथेच आहे. ९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी सरकारी निधी आधीच तयार असलेल्या पेशीमालिकांपुरता (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या संचांपुरता) मर्यादित केला, तेव्हा पात्र ६४ मालिकांपैकी ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या होत्या. ओबामांनी ते बंधन २००९ मध्ये उठवले. कर्जत-खालापूरचे रुग्ण उपचारांसाठी मुंबईतील ज्या परळला जातात, तेथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने सार्वजनिक निधीतून अशा दोन मालिका घडवल्या. मात्र भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा रुग्णांवर वापर केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. म्हणून अशा उपचारासाठी पैसे भरण्यापूर्वी चाचणीची नोंदणी अवश्य तपासावी.