सशाला पाणी लागतं, बरं का!

ससा घरी आणला की पहिल्याच दिवशी कुणीतरी ऐकवतंच, ‘त्याला पाणी ठेवू नका. ससे पाणी पीत नाहीत, गवतावरच जगतात.’ सांगणारे आजी-आजोबा, शेजारचे काका असे अनुभवी असतात, त्यामुळे आपणही मान डोलावतो. पण थांबा. ते बोलतात ते माळावरच्या रानसशाबद्दल. तो रात्री, पहाटे चरतो आणि ओला पाला, दव यांतून बरंचसं पाणी मिळवतो. दिवसा झुडपाच्या सावलीत पडून राहतो.

तुमच्या घरातला पांढराशुभ्र ससा हा वेगळाच प्राणी आहे. तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. (रानससा पकडून घरी आणणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.) भूमच्या एप्रिल-मे महिन्यात या पाहुण्याला पत्र्याच्या खोलीत, पिंजऱ्यात, वाळलेल्या गवतावर ठेवायचं आणि वर पाणीही द्यायचं नाही, म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

आता तुम्ही म्हणाल, इथं माणसांनाच पाणी पुरत नाही! खरंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. पण हिशेब तर करून बघा. सशाला किलोमागं साधारण ५० ते १५० मिली पाणी रोज लागतं. दोन किलोच्या सशाला सरासरी २०० मिली, म्हणजे एक पेला. उन्हाळ्यात थोडं जास्त. टँकरच्या पाण्यातूनही एवढं सहज निघतं. खरी टंचाई असते ती लक्ष देण्याची.

हा एक पेला एवढा महत्त्वाचा का? सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. त्याच्या मोठ्या अंधांत्रात चारा आंबतो आणि तिथून पुढं सरकतो. पाणी कमी पडलं की आतला चारा घट्ट होतो, हालचाल मंदावते, वायू धरतो. वायू धरला की ससा खाणं सोडतो आणि खाणं सोडलं की पोट आणखी थांबतं. त्याला उलटीही होत नाही, त्यामुळे आतलं बाहेर काढायचा तो मार्गही बंद.

दुसरी गोष्ट लघवीची. चाऱ्यातलं जास्तीचं कॅल्शियम ससा लघवीवाटे बाहेर टाकतो. पाणी कमी असेल तर ते मूत्राशयात गाळासारखं साचतं. म्हणून कॅल्शियमनं भरलेला लसूणघास मोठ्या सशाला रोज पोटभर घालू नका. साधं गवत, हरळी हाच मुख्य चारा ठेवा. जोडीला मेथी, कोथिंबीर धुऊन, ओलीच द्या. तेवढंच पाणी पोटात जातं. कलिंगडाची फोड मात्र नखाएवढीच, कारण त्यात साखर असते.

भांडं कुठलं घ्यायचं? नळीची बाटली दिसायला भारी, पण तिच्यातून थेंब थेंब येतो आणि आतली गोळी अडकली तर दिवसभर काहीच येत नाही. उघड्या भांड्यातून ससे जास्त आणि सहज पितात. सांडणार नाही असा चिनीमातीचा किंवा मातीचा जड वाडगा घ्या. दिवसातून दोनदा पाणी बदला आणि वाडगा घासा. पाणी स्वच्छ, साधंच असू द्या. साखर, मीठ, लिंबू काही नको. सकाळी मोजून भरा आणि रात्री किती उरलं ते बघा. चार दिवसांत तुमच्या सशाची सवय कळेल. मग एखाद्या दिवशी वाडगा भरलेलाच राहिला तर लगेच लक्षात येईल.

पाण्याइतकीच सावलीही लागते. सशाला घाम येत नाही, शरीरातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. तापमान २८-३० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे तर पारा चाळिशी ओलांडतो. पिंजरा पत्र्याखालून हलवा, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. बाजूला ओलं गोणपाट टांगा. आपली हवा कोरडी, त्यामुळे हा उपाय इथं चांगला लागू पडतो. अंघोळ मात्र घालू नका, ससा भेदरतो.

ससा तहान लागली म्हणून ओरडत नाही. शिकार होणारा प्राणी आपलं दुखणं लपवतो. त्यामुळे खुणा तुम्हालाच वाचाव्या लागतात. लेंड्या बारीक, कोरड्या किंवा कमी झाल्या, हिरड्या चिकट लागल्या, मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, तर पाणी कमी पडतंय. धाप लागली, कान तापले तर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं कान पुसा. बर्फाचं पाणी नको. मलूल पडलेल्या सशाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि १२ तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आता थोडं स्पष्ट बोलू. तुम्ही सकाळी कॉलेजला, घरचे शेतावर, परीक्षा संपली की मामाच्या गावाला आणि पुढच्या वर्षी कदाचित पुण्याला. मग वाडगा कोण भरणार? नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे तुमच्या डिग्रीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे आणण्याआधीच घरात विचारा, ‘मी नसताना याला पाणी कोण देणार?’ एक नाव ठरलं तर खुशाल आणा. नाही ठरलं, तर मित्राच्या सशाचे लाड करा आणि जाताना त्याचा वाडगा तेवढा भरून या.