कुठला पोकेमॉन सगळ्यात भारी, हे नेमकं ठरतं कसं?

ऑगस्ट २०१४. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डीसीमध्ये पोकेमॉनची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू होती. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कच्या संघात गारचॉम्प होता, गॅराडॉस होता. म्हणजे समोरच्याला धडकी भरावी असे गडी. आणि त्यांच्याच जोडीला होती एक पांढरी-निळी खार. नाव पाचिरिसू.

आकडे बघितले तर ही खार कुणाच्या गणतीत नव्हती. गारचॉम्पची एकूण ताकद ६००, पाचिरिसूची ४०५. तरीही पार्क तिला घेऊन उतरला आणि मास्टर्स गटात विश्वविजेता झाला.

आता सोशल मीडियावर बघा. रोज कुणीतरी 'सगळ्यात ताकदवान १० पोकेमॉन'चं रील टाकतं आणि खाली कमेंटमध्ये भांडणं लागतात. यातल्या बऱ्याच याद्यांमध्ये पाचिरिसूचं नावही नसतं. मग याद्या चुकतात की पार्कला लॉटरी लागली?

याचं उत्तर शोधायचं तर आधी पोकेमॉनची ताकद मोजतात कशी, ते बघायला लागतं.

सहा आकडे आणि त्यांची बेरीज

१९९६ साली जपानमध्ये गेम बॉयवर पोकेमॉनचा पहिला गेम आला, तेव्हा त्यात १५१ पोकेमॉन होते. आज ही संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. आपल्याकडे बहुतेकांना पोकेमॉन माहीत झाला तो टीव्हीवरच्या हिंदी कार्टूनमुळे. तिथे ॲशचा पिकाचू जिद्दीच्या जोरावर कुणालाही हरवतो. गेममध्ये मात्र जिद्दीला मार्क नाहीत. तिथे चालतात आकडे.

प्रत्येक पोकेमॉनचे सहा आकडे ठरलेले असतात. एचपी म्हणजे किती मार सोसणार ते, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड. या सगळ्यांची बेरीज म्हणजे बेस स्टॅट टोटल. पिकाचूची बेरीज ३२०, म्यूटूची ६८०. रीलवाल्या बऱ्याच याद्या याच बेरजेवर बनतात.

पण इथेच गडबड होते.

स्लेकिंग नावाचा एक आळशी, माकडासारखा पोकेमॉन आहे. त्याची बेरीज ६७०, म्हणजे म्यूटूपेक्षा फक्त १० कमी. तरी गंभीर खेळाडू त्याला सहसा हात लावत नाहीत. कारण त्याची ट्रुअंट ही ॲबिलिटी. त्यामुळे तो एक चाल खेळला की पुढची चाल नुसता लोळत पडतो. समोरचा खेळाडू स्लेकिंगच्या पाळीला बचाव करतो आणि तो लोळत असताना झोडपून काढतो.

उलटं उदाहरण ब्लेझिकेनचं. त्याची बेरीज आहे फक्त ५३०. पाचव्या पिढीच्या गेममध्ये त्याला स्पीड बूस्ट ही ॲबिलिटी मिळाली. प्रत्येक फेरीनंतर त्याचा वेग आपोआप वाढायला लागला. आकडे होते तेच राहिले, पण तो इतका डोईजड झाला की खेळाडूंनी त्याला नेहमीच्या सामन्यांतून बंदच करून टाकलं.

म्हणजे नुसत्या बेरजेवरून पोकेमॉनची ताकद कळत नाही.

टियर म्हणजे कुस्तीतले वजनगट

मग खेळाडूंनी दुसरा मार्ग काढला. २००४ पासून चालणारी स्मोगॉन नावाची चाहत्यांची एक कम्युनिटी आहे. पोकेमॉन बनवणाऱ्या कंपनीशी तिचा अधिकृत संबंध नाही. पोकेमॉन शोडाऊन या सिम्युलेटरवर लोक ब्राउझरमध्येच फुकट सामने खेळतात आणि त्या सामन्यांच्या आकडेवारीवर स्मोगॉन टियर ठरवते.

कुस्तीत ५७ किलोच्या पैलवानाला ९७ किलोच्या पैलवानासमोर उभं करत नाहीत. टियरमागचा विचार तोच आहे. सगळ्यात वर उबर्स, तिथे म्यूटूसारखे अवाढव्य पोकेमॉन. त्याखाली ओव्हरयूज्ड, मग अंडरयूज्ड, रेअरली यूज्ड, नेव्हर यूज्ड आणि पीयू. खालच्या टियरचा पोकेमॉन वरच्या टियरमध्ये खेळवता येतो. वरच्याला खाली उतरवता येत नाही.

नावं नीट वाचा. यात 'ताकदवान' किंवा 'कमजोर' असा शब्दच नाही. बहुतेक नावांत 'यूज्ड' आहे, म्हणजे वापर. किती खेळाडू त्याला संघात घेतात, यावर पोकेमॉनचा टियर ठरतो. त्यातही वरच्या रेटिंगच्या खेळाडूंच्या सामन्यांना जास्त वजन असतं.

वापर किती हवा? सध्या ही रेषा आहे ४.५२ टक्के. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे साधं गणित आहे. १५ सामने खेळले तर तो पोकेमॉन समोर एकदा तरी येण्याची शक्यता निम्मी असली पाहिजे. ४.५२ टक्के वापर असेल तर ही शक्यता बरोबर ५० टक्क्यांच्या आसपास येते. पूर्वी हाच हिशोब २० सामन्यांवर व्हायचा, तेव्हा रेषा ३.४१ टक्क्यांवर होती.

बंदी घालायची तर मतदान

आता एक अडचण. एखादा पोकेमॉन इतका भारी असला की त्याच्याशिवाय जिंकताच येत नाही, तर सगळेच त्याला घेणार आणि खेळाची मजा जाणार. अशा वेळी 'सस्पेक्ट टेस्ट' होते. ठरावीक काळात ठरावीक रेटिंग गाठणाऱ्या खेळाडूंना मताचा अधिकार मिळतो. बंदीसाठी साधं बहुमत पुरत नाही, सहसा ६० टक्के मतं लागतात. अगदीच उघड प्रकरण असेल तर त्या टियरची समिती थेट बंदी घालू शकते.

मधल्यामध्ये लटकलेलेही काही असतात. खालच्या टियरला ते झेपत नाहीत म्हणून तिथे बंदी, पण वरच्या टियरमध्ये त्यांना पुरेसं कुणी वापरत नाही. त्यांच्यासाठी 'बॉर्डरलाइन' अशी वेगळी यादीच आहे.

कंपनी स्वतः असे टियर जाहीर करत नाही. अधिकृत स्पर्धांमध्ये ती म्यूटूसारख्या लेजंडरी पोकेमॉनवर मर्यादा घालते. काही हंगामांत ते पूर्ण बंद, काही हंगामांत संघात एक किंवा दोनच.

चारिझार्डचा दगड आणि बूट

वापरावर टियर ठरत असेल तर यादी कायमची राहणारच नाही. चारिझार्डचंच बघा.

कार्टूनमध्ये चारिझार्ड म्हणजे हुकमाचा एक्का. पण चौथ्या पिढीत स्टेल्थ रॉक ही चाल आली. मैदानात टोकदार दगड तरंगत ठेवायचे, जो पोकेमॉन आत येईल त्याला ते लागणार. साधारण पोकेमॉनचा यात आठवा हिस्सा एचपी जातो. चारिझार्ड फायर आणि फ्लाइंग अशा दोन प्रकारांचा, आणि दोन्ही प्रकारांना दगडाचं वावडं. त्यामुळे त्याला चौपट मार बसतो. म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधीच निम्मा जीव गेला. त्या पिढीत तो थेट नेव्हर यूज्डमध्ये जाऊन बसला.

२०१३ मध्ये सहावी पिढी आली, मेगा इव्होल्यूशन आलं आणि मेगा चारिझार्ड ओव्हरयूज्डमध्ये मिरवायला लागला. आठव्या पिढीत हेवी-ड्यूटी बूट्स नावाची वस्तू आली. ती घातली की दगड लागतच नाहीत.

चारिझार्डच्या सहा आकड्यांची बेरीज या सगळ्या काळात ५३४ च होती. बदललं ते आजूबाजूचं जग. खेळाडू या जगाला 'मेटा' म्हणतात. सध्या कोण जास्त खेळतंय, कुठल्या चाली चालतायत, त्यांना उत्तर काय, हे सगळं मेटामध्ये येतं.

एकेरीत बसून, दुहेरीत हिरो

दुसरी गोष्ट म्हणजे फॉरमॅट. स्मोगॉनच्या मुख्य टियरमध्ये एकेरी लढत असते, एकासमोर एक. अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दुहेरी असते. सहापैकी चार पोकेमॉन निवडायचे आणि एका वेळी दोघांना उतरवायचं.

इन्सिनेरोर नावाचा वाघासारखा पोकेमॉन एकेरीत ओव्हरयूज्डमध्ये टिकत नाही. दुहेरीत मात्र तो कित्येक हंगामांत सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या पोकेमॉनपैकी एक आहे. कारण त्याची इंटिमिडेट ही ॲबिलिटी. तो मैदानात आला की समोरच्या दोघांचाही अटॅक एकदम घटतो. फेक आउट ही चाल खेळून तो समोरच्या एकाची अख्खी फेरी वाया घालवतो, तेवढ्यात त्याचा जोडीदार काम उरकतो. हे म्हणजे चेपॉकच्या खेळपट्टीवर फिरकीपटूला घेण्यासारखं. तोच बॉलर हिरव्या खेळपट्टीवर कदाचित बाकावर बसेल.

मग खारीने काय केलं?

आता पुन्हा पाचिरिसूकडे येऊ. तिच्याकडे फॉलो मी ही चाल होती. ती खेळली की शत्रूचे वार जोडीदाराला सोडून तिच्याकडे वळतात. पार्कच्या गॅराडॉसला भीती विजेची. पाचिरिसूची ॲबिलिटी होती व्होल्ट ॲब्झॉर्ब, म्हणजे वीज अंगावर घेतली की तिचा एचपी उलट वाढतो. गॅराडॉसवर सोडलेला विजेचा वार खार स्वतःकडे ओढून घेणार, वर तिला त्याचं औषध होणार आणि गॅराडॉस निवांत हल्ला करणार.

जोडीला सुपर फँग होती. समोरचा कितीही मोठा असो, त्याचा उरलेला एचपी ती थेट निम्मा करते. या चालीला स्वतःचा अटॅक किती आहे, याच्याशी काही देणंघेणंच नाही. म्हणजे पाचिरिसूचा सगळ्यात कच्चा आकडा पार्कने हिशोबातूनच काढून टाकला होता. ही लॉटरी नव्हती.

त्यामुळे पुढच्या वेळी 'सगळ्यात ताकदवान पोकेमॉन'ची यादी समोर आली, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी तपासा. यादी कुठल्या पिढीची आहे? एकेरीची की दुहेरीची? आणि ती कशावर बनवली आहे, आकड्यांच्या बेरजेवर, प्रत्यक्ष वापरावर, की बनवणाऱ्याच्या आवडीवर? या तिन्हीची उत्तरं यादीत नसतील तर ती मजा म्हणून बघायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर संघ बांधू नका.

आणि तुमचा लाडका पोकेमॉन तळाला दिसला तरी लगेच नाराज व्हायचं कारण नाही. पीयूमध्येही रोज सामने होतात, आणि तिथे त्याला म्यूटूशी लढावं लागत नाही.