प्रिंट काढली, पण सहीची चौकटच कापली गेली! स्क्रीनशॉट छापताना नेमकं काय चुकतं?

लातूरचा उद्योग भवन परिसर असो की नांदेडचं भाग्यनगर, प्रवेशपत्रं आली की क्लासेसच्या गल्लीतल्या झेरॉक्स दुकानांसमोर गर्दी होते. ‘दादा, व्हॉट्सॲपवर पाठवलंय, एक प्रिंट द्या.’ पैसे देऊन बाहेर आल्यावर लक्षात येतं, की वरचा रोल नंबर आहे, पण खालची सहीची चौकट गायब आहे. हे परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या गेटवर कळलं तर धावपळ ठरलेलीच. बहुतेक वेळा यात दोष प्रिंटरचा नसतो, सेटिंगचा असतो.

कागद आणि स्क्रीनचं गणित

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. सध्याच्या अनेक फोनची स्क्रीन १०८० बाय २४०० पिक्सेलची, म्हणजे कागदापेक्षा बरीच उंच आणि अरुंद असते. हा स्क्रीनशॉट कागदाच्या पूर्ण रुंदीला ताणला तर त्याची उंची सुमारे ४६७ मिलिमीटर होते. म्हणजे तब्बल १७० मिलिमीटर भाग कागदाबाहेर जातो. पूर्ण उंची बसवली तर रुंदी जेमतेम १३४ मिलिमीटर उरते. कडेला पांढरी जागा दिसते, पण मजकूर शाबूत राहतो. कागदपत्रासाठी हाच पर्याय योग्य.

दुकानात या ४ गोष्टी पाहा

१. विंडोजच्या फोटो प्रिंट खिडकीत खाली ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ असा चौकोन असतो. नावावरून वाटतं, की फोटो नीट बसेल. प्रत्यक्षात तिथे टिक असली की फोटो चौकट भरेपर्यंत मोठा होतो आणि कडा कापल्या जातात. ही टिक काढायला सांगा.

२. पेपर साइज ‘लेटर’ नको, ‘ए-फोर’ हवी. लेटर कागद ए-फोरपेक्षा सुमारे १८ मिलिमीटर आखूड असतो. त्यामुळे खालच्या ओळी जाऊ शकतात किंवा मजकूर सरकतो.

३. पीडीएफ छापताना ‘फिट’ निवडा. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. ‘फिट’ केलं, की ती जागा सोडून मजकूर बसतो.

४. मजकूर पूर्ण आहे, पण तिरका आलाय? मग फाइलला हात लावू नका. ट्रेमधल्या कागदाला दोन्ही बाजूंचे गाइड नीट टेकवा.

फोनवर काय कराल?

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. त्यामुळे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. वरची बॅटरी-नेटवर्कची पट्टी आणि खालची बटणं आधीच क्रॉप करा. डार्क मोड बंद करून मगच स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर पान काळं येईल. लांबलचक स्क्रोल स्क्रीनशॉट एका पानावर बसवला तर मधोमध बारीक पट्टी उमटते. त्याचे दोन-तीन तुकडे करून वेगवेगळ्या पानांवर छापा.

मुळात स्क्रीनशॉट हवा का?

प्रवेशपत्राची पीडीएफ संकेतस्थळावरून डाउनलोड होत असेल, तर तीच छापा. पान कागदाच्या मापाने बनवलेलं असल्याने सरकण्याचा प्रश्न फारसा येत नाही. सातबाऱ्याचंही तसंच. महाभूलेखवर मोफत दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. त्याचा स्क्रीनशॉट कितीही सरळ छापला तरी कायदेशीर कामाला उपयोग नाही. त्यासाठी १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घ्यावा लागतो.

दुकानाची पायरी उतरण्याआधी

चारही कडा तपासा. क्यूआर कोड असेल तर कागदावरून आपल्याच फोनने स्कॅन करून बघा. तो उघडला नाही तर तिथेच दुसरी प्रिंट मागा. आणि हो, दुकानाच्या संगणकावर राहिलेली तुमची फाइल समोरच डिलीट करून घ्या. त्यावर तुमचा फोटो, जन्मतारीख आणि सही असते.